बाईंच्या घराचे माप

घर लहान आहे असे कोणी म्हटले की सावेबाई चिडत. कौतुकाने म्हटले तर जास्तच. चिंचणीच्या किनाऱ्यालगत, सुरूच्या बनाच्या अलीकडे त्यांची वडिलोपार्जित वाडी होती. निवृत्तीनंतर तिथे त्यांनी एका खोलीचे घर बांधले. पाहुणा दारात उभा राहून म्हणे, "अगदी आटोपशीर आहे हो." बाई पायांत चपला सरकवीत. "घर अजून पाहिलंत कुठे? चला." मग विहीर, कपडे धुण्याचा दगड, जांभळाखालचा वाचायचा बाक, मागची चूल, नारळी आणि बनाच्या फटीतून दिसणारा समुद्र, असे सगळे फिरवून त्या पाहुण्याला पुन्हा दारात आणून सोडीत. "हे घर. आत आहे ती नुसती निजायची जागा."

मनोरमा सावे पालघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत. लग्न केले नव्हते. आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. निवृत्त झाल्या त्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना लोखंडी कपाट दिले. व्यासपीठावर ते कपाट हार घालून उभे होते. बाई बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, "आता यात ठेवायला मला वस्तू आणाव्या लागणार. इतकी वर्षं इमानाने नोकरी केली, त्याची ही शिक्षा?" मुख्याध्यापकांना हसावे की नाही ते कळेना. कपाट शिक्षकांच्या खोलीत राहिले. त्याला पुढे सगळे 'सावेबाई' म्हणू लागले, कारण त्याचे दार नेहमी धाडकन आपटे.

या साधेपणाचे मूळ घराण्यात नव्हते. ते त्यांच्या वाचनात होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत काही विचारवंत होऊन गेले. देव शोधायचा तर निसर्गात शोधावा, रूढीपेक्षा स्वतःच्या मनाचा कौल मानावा, आणि तो कौल ऐकू यावा म्हणून गरजा कमी ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे. कॉलेजात असल्यापासून बाई हे वाचीत होत्या. अभ्यासक्रमात नसतानाही दहावीच्या वर्गाला सांगत. "वस्तू घरात आणली की तिची नोकरी सुरू होते," हे त्यांचे वाक्य पालघरमध्ये त्यांच्या हाताखालून गेलेला कोणीही आजही म्हणून दाखवील. दुसरे वाक्य असे: "आपल्याला किती पुरतं हे दुकानदाराला विचारू नका, शेजाऱ्याला विचारू नका. स्वतःला विचारा." हे मन लावून ऐकणाऱ्या मुलांत प्रदीप नावाचा एक हुशार मुलगा होता.

घरात एक खाट, एक ट्रंक, पुस्तकांची फळी आणि मोजकी भांडी. बनाच्या पलीकडे मच्छीमारांची वस्ती होती. तिथली जानकी तांडेल मासळी घेऊन येई आणि पाटी उतरवून तासभर बोलत बसे. तिच्या मुलींना बाई शिकवीत. जानकीची जीभ बाईंच्या जिभेला पुरून उरे. एकदा खोलीत नजर फिरवून ती म्हणाली, "बाय, तुमच्या घरात उंदीर पन नाय राहनार. उपाशी मरंल बिचारा."

"तुझ्याकडे आहेत ना? पाठव एक. शिकेल काहीतरी."

"नको. परत आला तर माझ्या पोरांना शिकवंल, कमी जेवा म्हनून."

दोघी हसल्या. ही थट्टा पुढे खरी व्हायची होती, हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीला वस्तीची जागा हवी झाली. तारापूर-बोईसरच्या बाजूला कारखाने येऊन तोवर बरीच वर्षे झाली होती. आता या कंपनीला किनाऱ्यापर्यंत रस्ता आणि माल ठेवायला आवार पाहिजे होते. वस्तीने उठायचे, आणि बोईसरच्या रस्त्याला ओळीने बांधलेल्या खोल्यांत जायचे, असा प्रस्ताव होता. प्रत्येक कुटुंबाला एक खोली, दहा बाय बारा. हे काम कंपनीच्या ज्या अधिकाऱ्याकडे होते तो प्रदीप. बाईंचा विद्यार्थी.

तो एका दुपारी टेप आणि फोटोग्राफर घेऊन बाईंकडे आला. "बाई, आम्ही घरं बांधतोय. तुमचं घर डोळ्यांपुढे आहे," म्हणाला. बाईंनी त्याला हौसेने सगळे दाखवले. खाटेखाली ट्रंक कशी बसते, फळी कोणत्या उंचीवर असली की डोके आपटत नाही, खिडकी पश्चिमेला का. घरे कोणासाठी, हे त्यांनी विचारले नाही. त्याने सांगितलेही नाही. त्याने खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली, कॉफी घेतली, पायांना हात लावला आणि गेला.

महिन्याभराने वस्तीत सभा झाली. पालघरच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून मी हजर होतो. मंडप कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, सरबत कंपनीचे. प्रमुख पाहुण्या सावेबाई. त्यांच्या खुर्चीमागे त्यांच्याच घराचा दरवाजाएवढा फोटो लावलेला. बाईंनी मान वळवून तो पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

प्रदीप चांगला बोलला. साधेपणावर बोलला. मोठ्या घराने माणूस मोठा होत नाही, म्हणाला. शेवटी फोटोकडे हात करून म्हणाला, "या घरात आपल्या सावेबाई राहतात. एवढ्या शिकलेल्या बाई! त्यांना एवढं पुरतं. मग आपल्याला का पुरू नये?"

समोरून जानकी उभी राहिली. "सायब, बाय एकट्या हायत. आमी नऊ जनं हाय. आनी बोंबील कुटं सुकत घालू? तुमच्या डोक्यावर?"

मंडप हसला. प्रदीपही हसला. त्याला वाटले, वातावरण हलके झाले.

बाई उठल्या. माईक त्यांनी बाजूला सारला. त्यांना तो कधीच लागला नव्हता. "प्रदीप, माझं घर कुठून कुठवर मोजलंस?"

"बाई, या भिंतीपासून त्या..."

"विहीर मोजलीस?"

"नाही."

"अंगण? जांभूळ? समुद्र मोजलास? ज्या अमेरिकनांचं मी तुला शिकवलं, त्यांच्या झोपडीमागे अख्खं रान होतं. रान सोडलंस आणि झोपडी तेवढी उचललीस?"

"बाई, गरजा कमी करा हे तुम्हीच..."

"स्वतःच्या!" बाई ओरडल्या. मागच्या रांगेत झोपलेले मूल दचकून रडू लागले. "स्वतःच्या गरजा. दुसऱ्याच्या कमी करायला मी कोणत्या वर्गात शिकवलं? कोणत्या तुकडीत? सांग."

बाई व्यासपीठावरून उतरल्या आणि जानकीच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. कंपनीच्या पत्रकात सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडल्याचे छापून आले. शेजारी बाईंच्या घराचा फोटो होता. पुढेही तो छापला जात राहिला. तो काढा म्हणून सांगायला बाई दोनदा बोईसरच्या कचेरीत गेल्या. दोन्ही वेळा दरवानाने "मॅडम, साहब मीटिंग में हैं" एवढेच सांगून त्यांना परत पाठवले.

दुसऱ्यांदा परतल्यावर त्यांनी गवंड्याला बोलावले. मी पोचलो तेव्हा घराला लागून पाया खणला जात होता. मूळ खोली सहज चार वेळा मावेल एवढी मोठी जागा आखलेली. मी विचारले, "बाई, हे कशासाठी?"

"माझं घर आता घर राहिलेलं नाही. तो पुरावा झालाय. मला तो मोडायचाय."

"पण तुम्हाला एवढी जागा..."

"नकोय. मला ही खोली अजिबात नकोय. म्हणून तर बांधते आहे. सावेबाईंना एवढ्यात भागतं, असं पुन्हा कोणी म्हणून दाखवू दे."

आयुष्यभर जपलेल्या तत्त्वावर त्या पाणी सोडीत होत्या आणि गवंड्याशी विटांवरून भांडत होत्या. खोली उभी राहिली. कौले चढली. फरशी सिमेंटची केली, आणि ती ओली असताना बाईंनी तिच्या मधोमध काळ्या सिमेंटची रेषा भरून घेतली. चौकोन. दहा बाय बारा. कंपनीच्या खोलीचे माप.

मग त्यांनी प्रदीपला निरोप धाडला. तो आला, हे त्याच्या बाजूने नोंदले पाहिजे. त्या दिवशी चौकोनात जानकीचे घर बसले होते: नवरा, दीर, जाऊ, चार मुले, सासू आणि जानकी. शिवाय जाळ्यांचा ढीग, मिठाचे पोते, पाण्याची पिंपे, चूल, पाट्या. वस्तीतली बाकी माणसे रेषेबाहेर भिंतींना टेकून उभी. सासू म्हातारी, तिचे गुडघे दुमडत नसत. तिने पाय लांब केले होते आणि ते रेषेच्या बाहेर आले होते.

प्रदीपने पाहिले. आणि सवयीने, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजी, पाय जरा आत घ्या."

म्हातारीने दोन्ही हातांनी एकेक गुडघा धरून पाय आत ओढले. तिचे कण्हणे सगळ्यांनी ऐकले.

"घेतले," जानकी म्हणाली. "आता सांगा सायब, म्हातारी बाहेर ठेवू का जाळं?"

प्रदीप मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर वस्तीने जागा सोडायच्या कागदांवर सही करायचे एकजुटीने नाकारले आणि बैठका बाईंच्या मोठ्या खोलीत होऊ लागल्या. बरीच ओढाताण होऊन शेवटी कंपनीने खोल्यांच्या ओळीमागे मोकळे मैदान सोडायचे मान्य केले. खोली मात्र बोटभरही वाढली नाही. वस्ती उठली. मैदानात बोंबील सुकवायला बांबूच्या वलांडी उभ्या राहिल्या. समुद्र तेवढा राहिला मागे, सायकलने तासाभरावर.

मी बातमीत याला यश म्हटले. बाईंनी मला बोलावून घेतले. "यश कोणाचं? अंगण त्यांचंच होतं. त्यांचंच काढून त्यांनाच अर्धं परत दिलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवता?"

मोठी खोली त्यांनी कधी वापरली नाही. निजायला खाट जुन्याच खोलीत. पण रोज सकाळी त्या मोठी खोली झाडीत, आणि झाडताना स्वतःशी बडबडत. "म्हणत होते ना, वस्तू आणली की नोकरी लागते. घ्या." पाडून का टाकीत नाही, असे मी विचारले तेव्हा केरसुणी टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "प्रदीप संपलेत का?" म्हणाल्या.

वाडीत येऊन कोणी साधेपणाची स्तुती केली की त्याला त्या आता विहिरीवर नेत नसत. काळ्या चौकोनात उभे करीत. "बसा इथे. बायको आणा, मुलं आणा, आई आणा. मग बोला." काही लोकांनी येणे सोडले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, थोड्या दिवसांच्या आजाराने, बाई जुन्या खोलीत खाटेवरच वारल्या. जानकी आणि खोल्यांतली माणसे टेम्पो करून आली. गर्दी आत मावेना म्हणून बाईंना मोठ्या खोलीत आणून ठेवले. जानकीने पाहिले, बाईंचे पाय रेषेच्या आत होते. तिने दोघा-तिघांना हात लावायला सांगितला आणि त्यांना थोडे पुढे सरकवून घेतले, पाय रेषेच्या बाहेर येतील असे. "आता ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

वाडी भाच्याने विकली. आता तिथे मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी मुक्कामाची सोय आहे. बाईंची जुनी खोली नव्या मालकाने हौसेने जपली आहे. दारावर 'साधं जगणं' अशी पाटी आहे आणि तिला भाडे सर्वांत जास्त आहे. विहिरीवर जाळी बसली. जांभूळ गाड्या लावायला तोडले. मोठ्या खोलीत जेवणाची टेबले मांडली आहेत.

मागे एकदा तिथे चहा घ्यायला थांबलो. टेबलांच्या पायांखालून ती काळी रेषा सरळ जात होती, कोपऱ्यात वळत होती, पुन्हा सरळ जात होती. फरशी पुसणाऱ्या पोऱ्याला विचारले, ही रेषा कसली.

त्याने फडके न थांबवता एकदा खाली पाहिले.

"डिझाइन होगा, साब."