उलटी बेरीज, उगीच नाही
साठच्या दशकाच्या अखेरीस मी बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत गणित विभागात होते. संस्थेत संगणक नुकताच आला होता. अख्खी खोली व्यापून बसायचा, आणि त्याला काही सांगायचं तर भोकं पाडलेल्या कार्डांवरून सांगावं लागे, एका ओळीला एक कार्ड. काही गणितं सगळ्यांनाच लागत. ती एकदा नीट लिहून त्यांचे गठ्ठे एका लोखंडी कपाटात ठेवलेले असत. त्या कपाटाला आम्ही लायब्ररी म्हणायचो. लांबलचक मालिकेची बेरीज करणारा एक गठ्ठा माझा होता. बाईमाणसाने लिहिलेला त्या कपाटात तेवढा एकच. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

कार्डाच्या पहिल्या घरात सी हे अक्षर टोचलं की यंत्र ते कार्ड सोडून पुढे जाई. ती जागा माणसांसाठी, टीप लिहायला. आमचे लोक टिपेत लिहीत, ‘इथे बेरीज केली.’ अहो, बेरीज केली ते खालच्याच कार्डावर दिसतंय. काय केलं ते यंत्राला सांगावं, का केलं ते माणसाला, असं माझं मत होतं आणि ते मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवत असे.

माझी बेरीज उलटी चाले, शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे. एकेक आकडा मिळवत जाणाऱ्या फेऱ्याला लूप म्हणत, म्हणून मी टीप टोचली होती: ‘लूप रन्स बॅक. नॉट सिंप्ली.’ थोडक्यात बोलणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, त्यामुळे त्या दोन वाक्यांवर मी फार खूश होते.

एका सोमवारी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, म्हैसूरकडचे, माझ्याशी कन्नडमध्येच बोलत. पुलांची गणितं करणाऱ्या गटाची तक्रार आली होती. तेच आकडे घातले तरी गेल्या महिन्यापासून उत्तर निराळं येत होतं आणि चूक माझ्या बेरजेत निघत होती.

“शनिवारपर्यंत दोष सापडला नाही तर गठ्ठा कपाटातून काढू,” साहेब शांतपणे म्हणाले.

एकदा बाहेर गेलेला गठ्ठा परत आत कोण घेणार? आणि ‘बायकांना जमत नाही हे’ म्हणायला लोक टपलेलेच होते.

गठ्ठा काढून एकेक कार्ड पाहिलं. मधली तीन कार्डं कोरी करकरीत होती, नवी. माझी टीप गायब, तिच्या जागी दुसरी: ‘लूप सिंप्लिफाइड.’ माझी बेरीज कुणीतरी सुलटी करून ठेवली होती.

हे काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ आले होते आणि कपाट आवरण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आमचं मराठी घराणं बंगळुरात किती पिढ्यांचं ते आम्हालाच ठाऊक नाही. घरात अण्णा, अक्का, बोलण्यात निम्मं कन्नड. पहिल्याच दिवशी हे पुणेकर मला म्हणाले होते, “तुमचं मराठी गोड आहे, पण मराठी वाटत नाही.” मी ते विसरले नव्हते.

“माझ्या गठ्ठ्याला हात तुम्ही लावला काय?” मी विचारलं.

“हो. तुम्हीच लिहिलं होतंत ना, नॉट सिंप्ली. सोपं नाही. म्हटलं, आपण सोपं करून टाकू.”

“सिंप्ली म्हणजे सोपं, हे कोण सांगितलं तुम्हाला? सिंप्ली म्हणजे उगीच.”

“इंग्रजीत?”

“मग काय, तमिळमध्ये? उलटं आहे ते उगीच नाही, असं लिहिलंय की मी.”

मी सारवासारव करते आहे असं त्यांना वाटलं. शब्दकोश आणू का, म्हणाले. “आणा की,” मी म्हटलं, “आधी साहेबांकडे चला.”

साहेबांनी माझी जुनी टीप ऐकली आणि मला एकच शब्द विचारला, “सुम्मने?” कन्नडमध्ये उगीचला हाच शब्द. मी मान हलवली. साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकं हसू आलं. पुणेकरांना ते म्हणाले, या गावात एखाद्याला का आलास विचारलं तर तो सिंप्ली म्हणतो, त्याचा दुसरा अर्थच नाही. पुणेकरांचा चेहरा पडला. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

“सरी, ठीक आहे,” साहेब म्हणाले, “कारण काय ते दाखवा.” आणि खडू माझ्या हातात दिला.

मी फळ्याशी गेले. समजा यंत्राला चारच अंक लक्षात राहतात. हजारात शून्य पूर्णांक चार मिळवा. राहतात हजारच. असं दहा वेळा करा, तरी हजारच. आता ते दहा बारके आधी एकत्र करा, चार होतात. मग हजार मिळवा, एक हजार चार. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण हेब्बाळच्या भरलेल्या तळ्यात थेंब टाकलात तर कुणाला दिसणार? थेंब आधी तांब्यात जमवायचे. मालिकेत बारके आकडे शेवटी असतात, म्हणून मी शेवटापासून निघते.

जुनी कार्डं पुन्हा टोचून गठ्ठा चालवला. पुलांचं उत्तर पहिल्यासारखं आलं. मला नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “यांनी शब्द चुकीचा वाचला, कबूल. पण कारण आहे एवढंच तुम्ही लिहिलंत. कारण कुठे लिहिलंत?”

हे झोंबलं, कारण खरं होतं. वर्षभर मी दुसऱ्यांना जे ऐकवत होते तेच मी केलं नव्हतं. त्याच दुपारी मी टिपेची सहा कार्डं टोचली, तांब्यासकट. पुणेकरांनी ती वाचली आणि म्हणाले, “हे वाचलं असतं तर मी हात लावला नसता.” त्यांनी हे सरळ मनाने म्हटलं, म्हणून मीही त्यांना कॉफी पाजली.

शनिवारी माझा गठ्ठा कपाटात जागच्या जागी होता, आणि कपाटाच्या दारावर साहेबांच्या सहीचा कागद लागला, त्यात माझं नाव: या बाईंनी टीप वाचून होय म्हटल्याशिवाय एकही गठ्ठा आत जाणार नाही.

सोमवारी माझ्या टेबलावर पहिला गठ्ठा आला तो खुद्द साहेबांचा. मी तो दोनदा वाचला. मग वर चिठ्ठी लावून परत पाठवला: ‘का, ते लिहिलेलं नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. वर टिपेची चार नवी कार्डं होती.