अकरा वेळा 'पुन्हा प्रयत्न करा'

गेल्या गुरुवारची गोष्ट. ऑफिसमधून चांदे गावातल्या आमच्या घरी आले तर आत्या टेबलावर मोबाईल पालथा ठेवून गप्प बसलेल्या... आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या, त्यामुळे गप्प बसणं हा काही त्यांचा प्रांत नाही.

झालं होतं असं, की त्यांच्या बचत गटातल्या पाच बायका सोमवारपासून डबे सुरू करणार होत्या. आमच्या भागात भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारी आयटीची मुलं भरपूर, आणि सगळी घरच्या भाकरीला आसुसलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर रोजचा मेनू मेसेजांच्या गर्दीत हरवतो, म्हणून मी गटाला एक साइट करून दिली. लॉगिन करायचं, मेनू लिहायचा, ताटाचा फोटो टाकायचा... संपलं काम.

पण हे रोज करणार कोण? कुणाच्या तरी भाच्याला सांगू, असं गटात ठरत आलं होतं. आत्या म्हणाल्या, मी करीन. त्यावर गटातल्याच कमलाकाकू हसल्या. हे आत्यांनी मला दोनदा सांगितलं, यावरून किती लागलं असेल ते समजा.

आणि आता फोटो काही चढत नव्हता. सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम भाच्याकडे जाणार, हे उघड होतं.

आणि मी काय केलं? खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता म्हणाले, "आत्या, तुम्ही चुकून दुसरंच काहीतरी दाबलं असेल." माझ्या लॅपटॉपवर तर सगळं व्यवस्थित चालत होतं ना! आम्हा आयटीवाल्यांची ही जुनी खोड... आपलं ठेवायचं झाकून.

आत्या उठल्या. आत गेल्या आणि एक वही आणून माझ्यापुढे ठेवली.

"मी येगळं काय बी दाबलं न्हाई. तू लिवून दिलं तेच केलं. वाच."

वहीत पट्टीने आखलेले रकाने. वेळ, काय केलं, काय झालं, शेरा. अंगणवाडीत मुलांची वजनं लिहून लिहून लागलेली सवय, दुसरं काय! एकूण अकरा नोंदी होत्या. लहान फोटो, मोठा फोटो, दुसऱ्या फोनवरून, वायफाय बंद करून... प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदललेली. आमच्या ऑफिसात टेस्टिंगवाल्यांना हे शिकवावं लागतं.

अकरा वेळा कशाला केलंत, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, स्क्रीनवर तसंच येत होतं की, 'पुन्हा प्रयत्न करा'. तो मेसेज मीच टाकला होता... मला हसावं की रडावं कळेना.

शेवटच्या नोंदीचा शेरा असा होता (पूनम म्हणजे मी): 'पूनमने आधी टाकलेले फोटो दिसतात. मी लिहिलेला मेनू राहतो. माझे फोटो तेवढे राहत नाहीत.'

हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. ज्या क्लाउडवर मी साइट चढवली होती तो प्लॅटफॉर्म रीड-ओन्ली आहे. म्हणजे साइट एकदा चढवली की तिच्या फोल्डरमधलं फक्त वाचता येतं, नवीन काही ठेवता येत नाही. माझे फोटो साइटबरोबरच चढले होते. मेनू वेगळ्या डेटाबेसमध्ये जात होता. आत्यांचे फोटो मात्र मी त्या बंद फोल्डरमध्ये पाठवायची व्यवस्था करून ठेवली होती. प्लॅटफॉर्मच्या माहितीत हे सुरुवातीलाच लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलंच नव्हतं.

अकरा काय, अकराशे वेळा केलं असतं तरी फोटो राहिला नसता. मी आत्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ते राहू दे, आधी दुरुस्त कर.

शनिवारी सकाळी फोटो साठवायला वेगळी जागा जोडली आणि साइट पुन्हा चढवली. आत्यांनी पिठलं-भाकरीच्या ताटाचा फोटो टाकला... दिसला. पान बंद करून उघडलं, तरी दिसला. मी मुद्दाम साइट आणखी एकदा नव्याने चढवली, तरी जागच्या जागी! आत्यांनी आधी वहीत नोंद केली, मग हसल्या.

रविवारी गटाची मीटिंग आमच्याच घरी होती. चहा देता देता मी सगळ्यांना सांगून टाकलं, की फोटो चढत नव्हते त्यात आत्यांची काहीच चूक नव्हती, माझीच होती. कमलाकाकू म्हणाल्या, "म्हंजे शेवटी सुनबाईनंच नीट केलं म्हना की."

आत्यांनी कप खाली ठेवला. "चूक हुडकली मी. नीट केली हिनं."

बस, एवढंच. मग त्यांनी उद्याच्या भाजीचा विषय काढला आणि भाच्याचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

इतकी वर्षं आयटीत आहे, कामाचं श्रेय कोण कसं ओढतं ते रोज बघते. इतकी चोख वाटणी मात्र कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकली नव्हती. सोमवारी डबे सुरू झाले. लंच ब्रेकमध्ये मी साइट उघडून अख्ख्या टीमला दाखवली, आणि हे माझ्या सासूबाई चालवतात, असं सांगताना आवाज जरा जास्तच चढला माझा.

आत्या, स्वतःची चूक न बघता मी तुमच्याकडे बोट दाखवलं होतं. आणि तुम्ही चारचौघींत माझ्या वाट्याचं श्रेय न मागता माझ्या पदरात टाकलंत... तुमची सून असल्याचा मला फार फार अभिमान आहे.