मागची सीट

आमच्या चर्चची मोटारसायकल सेवा सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, हिला काही चांगलं बघवतच नाही. कल्पना खरंच चांगली होती. आम्ही बुऱ्हाणपूरचे, पण मंडळीतली काही माणसं फोपनारला, डोईफोडियाला, पार देडतलाईपर्यंत विखुरलेली. म्हातारपण आलं, आजारपण आलं, की त्यांचं चर्चला येणं सुटतं. तर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी लवकर गाड्या काढायच्या, अशा कोणाच्या तरी दारी जाऊन गाणी म्हणायची, प्रार्थना करायची आणि उपासनेच्या वेळेपर्यंत परत यायचं.

या सेवेचे म्होरके केळीच्या आडतीवर काम करतात. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. माणूस सज्जन, पण नियमांचा भारी सोस. तापीकाठच्या उन्हात प्रत्येकाने पाठीवर क्रूस शिवलेलं काळं जाकीट घालायचं. भाऊंची गाडी सगळ्यांच्या पुढे. त्यांना कोणी ओलांडायचं नाही. त्यांनी हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे, प्रत्येक गाडीवर दोघं. प्रभूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवलं होतं, म्हणून आपणही जोडीनेच जायचं. त्यात व्यवहारही होता. एका गावात आमच्या एका पोराला एकटं गाठून लोकांनी ‘धर्म बदलायला आलास का’ म्हणून जाब विचारला होता, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली होती. ‘एकट्याला कोणी काही विचारलं तर शेजारी साक्षीला माणूस पाहिजे,’ असं भाऊ म्हणायचे. त्यात काही खोटं नव्हतं.

घोडं पेंड खात होतं ते डोईफोडियाला.

तिथे माझी मावशी एकटी राहते. बुऱ्हाणपुरातच वाढली, आमच्याच चर्चमध्ये तिचं लग्न लागलं, आणि काका होते तोवर दर पहिल्या रविवारी दोघं बसने यायची. त्या दिवशी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि प्याला घ्यायला सगळी मंडळी एका रांगेत उभी राहते. काका गेल्यावरही मावशी येत राहिली. मग बसच्या उंच पायरीवरून ती पडली, कंबर दुखावली, आणि बसची जी धास्ती घेतली ती घेतलीच. मोटारसायकलवर मात्र ती बाजारापर्यंत आरामात जाते. तिची इच्छा एवढीच होती, की पुन्हा एकदा त्या रांगेत उभं राहायचं.

मी म्हटलं, गाडी भाड्याने करू. तर बाणेदारपणे म्हणाली, “माझी मंडळी माझ्या दारी येते, अन् मी भाड्याच्या गाडीत जाऊ? लोक काय म्हणतीन?”

आणि मंडळी खरोखरच तिच्या दारी यायची. जवळजवळ दर महिन्याला. मी नवऱ्याच्या मागे बसून जायचे, मांडीवर खंजिरी आणि गाण्यांच्या पुस्तकांची पिशवी. मावशी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, हातात पर्स धरून, अंगणातल्या खाटेवर तयार बसलेली असायची. आम्ही गाणी म्हणायचो, भाऊ प्रार्थना करायचे, तिच्यासोबत फोटो व्हायचा. मग प्रत्येक गाडीवर दोघं दोघं बसून आम्ही निघायचो. कुठे? तर ज्या उपासनेला जायला ती बाई नेसून-सवरून बसली होती, त्याच उपासनेला. आमच्या एकाही गाडीवर तिच्यासाठी जागा नसायची.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “भाऊंना विचार.” भाऊंना विचारलं. ते म्हणाले, “पुढच्या वेळी बघू.” एकाच गाडीवर तिघं बसू म्हटलं, तर क्रूस लावून कायदा मोडायचा नाही, हे उत्तर. एक गाडी मागची सीट रिकामी ठेवून आणा म्हटलं, तर जोडीचा नियम. मला गिअरची गाडी चालवता येत नाही, याचा त्या दिवसांत मला जितका राग आला तितका कधीच आला नव्हता.

मावशीच्या शेजारी केळीवाल्यांचं घर आहे. तिचा चहा, तिची औषधं, सगळं त्यांच्या सुनेच्या जिवावर चालतं. एकदा आम्ही निघताना ती कुंपणापाशी आली आणि मलाच म्हणाली, “बाई, इतक्या गाड्या येतात, अन् एकीवर बी मावशीले जागा नाही का?”

मी खंजिरी सावरत गाडीवर बसले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊंनी नेहमीपेक्षा लांब प्रार्थना केली. आम्ही डोळे मिटून उभे. मध्येच ते म्हणाले, “हे प्रभू, आमच्या या बहिणीची तुझ्या मंदिरात येण्याची फार इच्छा आहे. तूच काहीतरी मार्ग काढ.”

माझे डोळे खाडकन उघडले. समोर आमच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की ‘आमेन’ म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. देवाने अजून काय करायचं होतं? वरून गाडी सोडायची होती?

“मी इथे थांबते,” मी म्हणाले. “मावशी माझ्या जागेवर बसेल.”

नवरा गडबडला. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “चालेल की! गाडीवर दोघंच राहतात.” नियम वाचला होता ना, मग झालं. मावशी मात्र तोवर उठून उभीसुद्धा राहिली होती. शेजारच्या सुनेने तिला हात देऊन बसवलं, पदर नीट खोचून दिला. गाड्या गेल्या, आणि मी त्या खाटेवर बसले. सुनेने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला. इतकी चवदार भाकरी मी पुष्कळ दिवसांनी खाल्ली. आता रांग लागली असेल, आता मावशीच्या हातात प्याला आला असेल, असं मनाशी म्हणत मी दुपार काढली.

ऊन कलल्यावर गाड्यांचा आवाज आला. नवऱ्याच्या मागे मावशी, आणि भाऊंची गाडी पुढे हवीच म्हणून भाऊ आणि त्यांची बायको दुसऱ्या गाडीवर. मावशी उतरली, आत गेली आणि लुगडं बदलून आली.

“झालं का मनासारखं?” मी विचारलं.

“उपासना संपली व्हती,” ती म्हणाली. “लोक चपला घालत व्हते.”

वाटेत एका गाडीचं टायर पंक्चर झालं होतं. भाऊंनी हात वर केला. सगळ्या गाड्या थांबल्या. पंक्चरवाला शोधून आणेपर्यंत, तो ट्यूब काढून पाण्यात बुडवून बघेपर्यंत, सगळी ओळ रस्त्याच्या कडेला उभी. आणि त्या ओळीत, माझ्या नवऱ्याच्या मागे, मावशी.

“तुम्ही पुढे का नाही निघून गेलात?” मी नवऱ्यावर ओरडलेच.

“भाऊंनी हात वर केला होता,” तो म्हणाला. आणि त्याला ते उत्तर पुरेसं वाटत होतं! रडावं की हसावं तेच मला कळेना.

“पाळकसाहेब देत होते ओ ह्यांना,” भाऊ घाईघाईने म्हणाले. “पुन्हा प्याला भरतो म्हणाले. ह्याच नको म्हणाल्या.”

“कोणासंगं घेऊ?” मावशी म्हणाली. “रांग कुठी व्हती? एकटीनं घ्यायचं असतं तं घरीच नसतं का घेतलं?”

भाऊंची मान खाली गेली होती. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. शेवटी त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, “आपण पुढच्या महिन्यासाठी प्रार्थना करू या.”

मावशीने पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांनी धरले आणि सोडवले.

“प्रार्थना मी करते, भाऊ,” ती म्हणाली. “मले दिवसभर दुसरं काम नाही. तुम्ही फक्त शीट रिकामी आणा.”