दारावरचं आडनाव

टोपण म्हणजे झाकण. टोपणनाव त्यावरूनच आलं. कवी ते हौसेनं घेतात. आमच्यातल्या काहींनी ते भाड्याच्या खोलीसाठी घेतलं, कारण घरमालक आधी आडनाव विचारतो आणि त्यावरून जात ताडतो.

गेल्या महिन्यात शहराबाहेरच्या वाडी भागातल्या गोदामात काम करणारा एक तरुण माझ्याकडे खोली मागायला आला. आडनाव त्यानं जरा थांबून सांगितलं. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं.

"खरं सांगून राहिला ना गा?"

"काहून काका? खोलीत मी राहीन का आडनाव?"

मी कुलदैवत विचारलं, मग गाव. तो अडखळला. मी खोली नाकारली.

जाताना त्यानं दारावरची पाटी वाचली. "तुमचं हे आडनाव कुठलं, काका?"

मी न थांबता गाव सांगितलं. बौद्ध घरातला मी. तरुणपणी नंदनवन नावाच्या वस्तीत खोली मिळावी म्हणून हे आडनाव आणि ते गाव पाठ केलं होतं. पुढे तेच मुलांनाही लागलं. त्या गावात मी कधी गेलेलो नाही.

तो लपवत होता ते आडनाव माझंच मूळचं तर नसेल, असा आता संशय येतो.