देवी आली न्हाई

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देसायानं मला गोठ्यात थोबाडीत मारली. म्हशींना पाणी दाखवायला उशीर झाला होता. आदल्या दिवशी देवी माझ्या अंगात आली तेव्हा हाच माणूस माझ्या पायांवर डोकं ठेवून "आई, सांभाळ" म्हणाला होता. आता म्हणाला, "देवी गेली. चल, शेण काढ."

मी शेण काढलं. दुसरं काय करणार? दिग्गी गावाजवळच्या आमच्या वाडीत सगळी भातशेती त्याची. रान जाळून नाचणी पेरायचो, ते सरकारनं बंद केलं. आमच्या घराखालची जागासुद्धा त्याचीच.

पण देवी माझी होती. आई गेल्यावर मी तिच्याशीच बोलायचे. पहिलं फूल तिला, पहिला घास तिला. अंगात यायची तेव्हा मी उरायचेच न्हाई.

पुढच्या जत्रेआधी देसायानं मला परसात बोलावलं.

"घुमशील तेव्हा सांग. यंदा प्रत्येक घरानं आधी माझ्या भाताची लावणी करायची, फुकट. न्हाईतर देवी कोपेल."

"धनी, बोलणारी ती. मी कोण?"

"माझ्या जागेत राहतीस, ती तू."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बोलून टाक. चार शब्द तर हाईत."

जत्रेत ढोल सुरू झाला. मला मधे बसवलं. चारी बाजूंनी माणसं. समोर देसाई, हात जोडून. मी डोळे मिटून देवीला हाक मारली. आली न्हाई. परत मारली. ढोल वाढला. देसाई खाकरला. खोटं घुमले असते तर गावाला कळलं नसतं. तिला कळलं असतं.

मी उठून उभी राहिले.

"देवी आली न्हाई. काय बोलायचं ते देसायानं शिकवून ठेवलंय. तेवढंच हाय माझ्यापाशी."

ढोल थांबला.

"विटाळली ही! बाहेर काढा!" देसाई ओरडला.

माणसांनी वाट करून दिली. नवऱ्यानंच दंडाला धरून मला देवळाबाहेर ओढलं.

आठ दिवसांत जागा सोडायला लावली. रानाच्या कडेला झोपडी घातली. देसायानं दुसरी बाई घुमायला बसवली, तिच्याकडनं हवं ते वदवून घेतलं. गावानं फुकट लावणी केली. माझा नवराही लावणीला गेला. मी गेले न्हाई.

देवळात मला अजून बंदी हाय. पूजा चुकवत न्हाई. एका झाडाखाली करते, एकटी. मी तिचीच हाय. पण तिचं नाव घेऊन मला राबवायला कुणीही येऊ दे. नवरा येऊ दे, सगळा गाव येऊ दे. तोंडावर न्हाई म्हणीन.