आधी समोरच्याचं म्हणणं

आमच्या घरात भांडायला एक नियम होता. समोरच्याला खोडून काढायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, तेही त्याने मान डोलवावी इतकं नीट. "तुझं म्हणणं असं की..." इथून सुरुवात, मग आपला मुद्दा. बाबांचा जन्म केंद्र सरकारच्या एका खात्यात गेला. कर्मचारी संघटनेत ते बोलायला उभे राहायचे, आणि हा नियम त्यांनी तिथल्या बैठकांमधून घरी आणला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ पतंगावरून भांडलो तरी सुटका नसायची. नाक ओढत, रडत रडत भावाची बाजू मांडायची म्हणजे काय छळ असतो ते मलाच ठाऊक. तेव्हा मी मनात ठरवलं होतं की मोठी झाले की कुणाचंही म्हणणं ऐकून घेणार नाही.

बाबा रिटायर झाले आणि त्यांनी गाडी घेतली. डिझेलची, पांढरी, सात सीटची. आमच्या खानदानात चारचाकी घेणारे ते पहिले. "माझ्या बापाकडे सायकल नव्हती," हे नव्या ओळखीच्या माणसाला चहा येण्याआधी ऐकवून झालेलं असायचं. त्यांचं क्वार्टर सुटलं तोवर मला नोकरी लागून दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं, म्हणून आई-बाबा माझ्याकडे आले. मी लग्न केलं नाही. ती भानगड वेगळी, इथे नको. भाऊ मात्र लग्न करून गुरुग्रामच्या एका सोसायटीत राहायला गेला, इतक्या वरच्या मजल्यावर की आई बाल्कनीत पाय ठेवत नाही. दर रविवारी तो बायको-मुलीला घेऊन जेवायला यायचा.

गाडी वर्षभर खाली जांभळाच्या झाडाखाली उभी असायची, बाबा तिला पुसत असायचे, आणि दसऱ्याला ती नागपूरला जायची, दीक्षाभूमीला. तिथे बाबांचा दुसरा नियम लागू व्हायचा. एकही सीट रिकामी जाता कामा नये. बाबा लहान असताना पहिल्यांदा दीक्षाभूमीला गेले ते कापसाच्या गाठींवर बसून. रस्त्यात एका अनोळखी ट्रकवाल्याने गाडी थांबवून "जागा आहे, चला" म्हटलं म्हणून. तो माणूस कोण होता ते बाबांना कधीच कळलं नाही, पण त्याची परतफेड ते आमच्या मांड्यांवर माणसं बसवून करत आले. मागच्या ब्लॉकमधले मराठवाड्याचे एक काका-काकू ठरलेले. काकांचे गुडघे गेलेले, दसऱ्याच्या गर्दीत रेल्वेत चढणं त्यांना जमायचं नाही. शिवाय कुणी ना कुणी ऐनवेळी यायचंच. आईच्या तिखट पुऱ्या, काकूंची गाणी, वाटेत सागर गावी मुक्काम, आणि परत येताना डिकीत पुस्तकंच पुस्तकं. मी कुरकुर करायची खूप, पण वर्षभर वाट त्याचीच बघायची.

मग भावाच्या डोक्यात इलेक्ट्रिक गाडी शिरली. झालं. रविवारचं जेवण आटोपलं की ताटं उचलायच्या आत दोघे सुरू. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला सरकारने सवलत द्यावी की नाही, हा विषय. बाबांचं म्हणणं, ज्याला गाडी परवडते त्याच्याच खिशात सरकार आणखी पैसे का घालतं? तोच पैसा बसला द्या. स्टॉपवर उन्हात उभ्या असलेल्या बाईला कोण सवलत देतं? आणि ज्याने जुनी गाडी लेकरासारखी जपली त्याला मात्र शिक्षा. भावाचं म्हणणं, सुरुवातीला सरकारने हात दिला नाही तर नवी गोष्ट स्वस्त होतच नाही. मेट्रोलाही सरकारचाच पैसा लागला, आणि बाबा त्याच मेट्रोने करोल बागेला जाऊन त्या डिझेल गाडीचे पार्ट आणतात, हे तो दर वेळी न चुकता काढायचा. बाबा म्हणायचे, मेट्रोत कोणीही बसतं, तुझ्या गाडीत तूच.

नियमाप्रमाणे एकमेकांचं म्हणणं सांगून सांगून दोघांना दोन्ही बाजू तोंडपाठ झाल्या होत्या. एकदा बाबा भावाची बाजू मांडता मांडता इतके रंगले, बॅटरी काय, हवा काय, पोरांची फुप्फुसं काय, की भाऊ म्हणाला, मग दोन बुक करू का? आई हसून हसून बेजार झाली. बाबांचा आवाज तेव्हा जिन्यापर्यंत जायचा. खालच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी मला विचारायच्या, आज कौन जीता? मी म्हणायची, आंटी, इथे कोणी जिंकत नाही, म्हणून तर दर रविवारी चालतं.

गाडीला दहा वर्षं व्हायला आली तशी गंमत संपत गेली. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवता येत नाही. नियम कधी कडक व्हायचा, कधी ढिला, कधी पंपावर डिझेल मिळणार नाही म्हणायचे, कधी मिळेल. बाबा रोज पेपर उलटा-सुलटा करून वाचायचे. त्यांनी मनात एक बेत केला होता. कागदपत्रं करून गाडी नागपूरला न्यायची, तिथे त्यांच्या भावाकडे ठेवायची. तिकडे ती आणखी काही वर्षं चालली असती. पण न्यायची ती दसऱ्यालाच, सगळ्या सीटा भरून, शेवटचं. परत येताना आपण रेल्वेने येऊ, म्हणाले. भावाला मात्र घाई होती. बाबांची गाडी भंगारात दिली की त्याच्या नवीवर सवलत मिळत होती, आणि ती किती दिवस राहील याचा भरवसा नव्हता. बाबा म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांब. एवढंच मागितलं त्यांनी.

त्या रविवारी उकाडा भयंकर होता आणि भाऊ आधीच कुठूनतरी चिडून आला होता. वाद नेहमीच्याच वळणाने गेला. बस, मेट्रो, जपलेली गाडी, दसरा. माझी भाची जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. आदल्या हिवाळ्यात तिची छाती इतकी भरली होती की महिनाभर नेब्युलायझरचा मास्क तिच्या तोंडावरून निघाला नव्हता. भावाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्या गाडीचा धूर तुमच्या नातीच्या छातीत जातो."

आता पाळी बाबांची. त्यांनी सवयीने चष्मा वर सरकवला आणि सुरुवात केली.

"तुझं म्हणणं असं की माझ्या गाडीचा धूर माझ्या नातीच्या..."

आणि ते थांबले. घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच शब्दाशी थांबले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. बाबांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले, दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि भावाच्या ताटाशेजारी ठेवली. "घेऊन जा," म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

स्वयंपाकघरात मी भावाला धरलं. मुद्दा होता की सुरी होती, असं विचारलं. तोंडात येईल ते बोलले. तो म्हणाला, "ताई, खोटं काय बोललो मी?" खोटं तो बोललाच नव्हता. एका गाडीने दिल्लीची हवा काळी होत नाही, हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, बाबांना तर आमच्या दोघांहून जास्त माहीत होतं. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, मला अगदी शब्दांसकट सांगता आलं असतं ते. पण उत्तराच्या आधी ते वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघेना. स्वतःच्याच नियमात माझा बाप अडकला. पुढच्या हिवाळ्यातही भाचीचा नेब्युलायझर कपाटातून बाहेर काढावा लागलाच. पण ते नंतरचं.

गाडी भंगारात न्यायला माणसं आली तेव्हा बाबा खाली गेले नाहीत. खिडकीतूनही बघितलं नाही. संध्याकाळी चप्पल घालून मागच्या ब्लॉकला गेले आणि काका-काकूंना सांगून आले की यंदा तुमची सोय तुम्ही बघा. काका म्हणाले म्हणे की गुडघ्यांमुळे आता तसंही नकोच वाटतं. बाबांनी हे मला सांगितलं आणि टीव्ही लावला. रविवारी भाऊ येतच होता, जेवणं होतच होती. भाऊ विषय काढायचा. निवडणूक, क्रिकेट, आरक्षण, काहीही. बाबा म्हणायचे, "अच्छा." शर्मा आंटींनी एकदा विचारलं, पापाजी की तबियत ठीक है ना? मी हो म्हणाले. मला आंटींचा राग आला, उगाचच.

दसऱ्याला आम्ही भावाच्या नव्या गाडीने निघालो. भाऊच मागे लागला होता, रजा काढली होती त्याने. भावजयीला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. पुढे भाऊ आणि बाबा, मागे आई, मी आणि मध्ये भाची. पाच सीटा, पाच माणसं. एकही सीट रिकामी नाही, असं मी मोठ्याने म्हणून पाहिलं. गाडी छान होती, उगाच कशाला नावं ठेवू. आवाज नाही, धूर नाही, भाचीला उलटी नाही. पण इतकी शांत गाडी मला सोसेना. जुनीत गिअर पडला की सगळं हलायचं, काकू गायच्या, बाबा इंजिनावरून आवाज चढवून बोलायचे. या गाडीत आईच्या पुरीच्या डब्याचं झाकण उघडलेलं ऐकू येत होतं.

झाशीच्या पुढे एका ढाब्याशेजारी चार्जिंगला थांबलो. बराच वेळ लागणार होता. बाजेवर बसून चहा घेतला. भाऊ ग्लास हातात घेऊन नुसता फिरवत होता. मग तो बाबांच्या समोर येऊन बसला, अगदी पाठ ताठ करून, लहानपणी बसायचा तसा.

"बाबा, तुमचं म्हणणं असं," त्याने सुरुवात केली. आणि तो बोलत गेला. सरकारचा पैसा हा शेवटी स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईचाही पैसा आहे. गाडीला मदत करताना तिला विसरलं तर ती मदत कोणासाठी? जुनी वस्तू जपणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये, त्याला वेळ द्यावा. आणि गाडी कशावर चालते हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तिच्यात कोणाला जागा मिळते हेही. ट्रकवालासुद्धा आला त्यात, कापसाच्या गाठींसकट. मी चहा प्यायची विसरले. बाबांनी स्वतः इतकं चांगलं कधी मांडलं नव्हतं. त्यांनी मान डोलवली. नियमाप्रमाणे भावाने आता आपला मुद्दा मांडायचा, पण तो तिथेच थांबला.

"आता माझं म्हणणं तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मग खोडून काढा. सांगा ना, बाबा."

बाबांनी भाचीच्या गालाला लागलेलं लोणचं रुमालाने पुसलं. ती खुदकन हसली.

"तुझंच बरोबर आहे, बेटा," ते म्हणाले.

भाऊ उठला आणि गाडी किती भरली ते बघायला गेला. चार्जरपाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, ते आईनेही पाहिलं आणि मीही. बाबा रस्त्याकडे बघत होते. नागपूरकडे जाणाऱ्या बसेस भरून चालल्या होत्या, खिडक्यांना निळे झेंडे लावून. गाडी भरायला अजून पुष्कळ वेळ होता.