बोटं उमटेनात

मिस्त्रीला त्याच्या आईने लहानपणीच नाव ठेवलं होतं, चुळबुळ्या. जेवायला बसला की मांडी हलायची, शाळेत बसला की अख्खा बाक हलायचा. पुढे तो फरशी बसवायला शिकला तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं. सरकत सरकत करायचं काम आहे, तिथे याची चुळबुळ खपून जाईल." आणि खपलीच. लादी टेकवायची, रबरी हातोड्याने ठोकायची, कडेवरून अंगठा फिरवून उंचसखल बघायचं, पुढे सरकायचं. वीस वर्षं तो असा सरकत राहिला आणि सरकत सरकत बायकोच्या मागोमाग परदेशात येऊन पोहोचला.

बायको नर्स. वृद्धांच्या एका निवासात तिला नोकरी लागली होती. आधी ती एकटी आली, तिथली भाषा शिकली, राहण्याचा परवाना मिळवला आणि मग नवऱ्याला बोलावून घेतलं. गावाकडचे मित्र चिडवायचे, "बायकोचा पदर धरून विमानात चढला." मिस्त्री म्हणायचा, "तुम्हाला धरायला पदर तरी आहे का?" आल्यावर थोड्याच दिवसांत त्याला कामही मिळालं. मराठी बोलणारा एक मुकादम नव्या इमारतींत फरशीची कामं घ्यायचा. मिस्त्रीची पहिली न्हाणी बघून तो नुसता "हं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला अख्खा मजला देऊन टाकला.

घोडं अडलं ते परवान्याच्या कार्यालयात.

कागद सगळे चोख होते. लग्नाचा दाखला, त्याचं भाषांतर, पोलिसांचा दाखला, घराचा करार, दोन्ही कान दिसतील असा फोटो. बायकोने फाइल अशी लावली होती की खिडकीवरच्या बाईने मागायच्या आत कागद पुढे यायचा. बाई खूश झाली. मग तिने एका छोट्या काचेकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने चार बोटं काचेवर टेकवली. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा टेकवली, पुन्हा लाल. बाईने ओला कागद दिला, स्वतः उठून त्याची बोटं दाबून धरली. लालच. शेवटी तिने त्याचा तळवा उलटा करून पाहिला आणि बायकोला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत म्हणते."

"सिमेंटने खाल्ल्या. सांग ना तिला. मी काय चोर आहे का?"

"चोर कोण म्हणालं? कातडीच्या डॉक्टरला दाखवा आणि बोटं बरी झाली की या, एवढंच म्हणते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. बाईने एक पावती दिली. तिच्यावर राहता येणार होतं, कामही करता येणार होतं. फक्त देशाबाहेर गेलं, की परत आत येता येणार नव्हतं.

"मला कुठे जायचंय?" मिस्त्री बाहेर येताना म्हणाला.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. आई न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मिस्त्री फोन कानाला लावूनच दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि तिथेच थांबला. जायचं तर कायमचं जायचं. त्याने चपला काढल्या, पुन्हा घातल्या. बायको ड्यूटीवरून आली तेव्हाही तो चपला घालून पलंगावर बसलेला होता.

ऑपरेशन नीट झालं. पण मिस्त्रीचा जीव थाऱ्यावर येईना. कातडीच्या डॉक्टरने भिंगातून बोटं पाहिली. "रेषा खाली आहेत, येतील वर," तो म्हणाला. "सिमेंट नाही, चुना नाही, साबणाचं पाणी नाही. दोन वेळा मलम आणि सुती हातमोजे. निदान सहा आठवडे."

मुकादम ऐकून वैतागला. "अरे, हातमोजे घालून ये की कामाला."

"हातमोज्यातून कड कळत नाही. वाकडी बसली तर नाव कुणाचं जाईल?"

"जागा ठेवतो," मुकादम म्हणाला. "पण फार लांबवू नकोस बाबा. माझ्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय."

मग सुरू झालं हातावर हात ठेवून बसणं. आयुष्यात जे कधी जमलं नव्हतं, नेमकं तेच करायचं होतं. बायको त्याला भांड्यांनाही हात लावू देईना. तो घरातल्या घरात फिरायचा, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. कुठेही जायचं नसताना बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा. बस आली की ड्रायव्हर दार उघडायचा, हा मान हलवून नाही म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरने दार उघडणं सोडलं. फोनवर भाऊ सांगायचा, आई खाटेवरून उठायलाच तयार नाही. डॉक्टर उभं करायला बघतात, ती आरडाओरडा करून सगळ्यांना पळवून लावते. मिस्त्री फोन ठेवायचा आणि पुन्हा खिडकीपासून दारापर्यंत.

त्यांच्या इमारतीच्या जिन्यात एका पायरीची लादी सुटली होती. पाय पडला की टक वाजायची. घरमालकाला सांगून झालं होतं, तो हो म्हणून विसरून गेला होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा पाय पडला की घरात बसलेल्या मिस्त्रीच्या डोक्यात टक व्हायची. एका दुपारी त्याला ते असह्य झालं. कोपऱ्यातली थापी काढली, उरलेलं सिमेंट कालवलं, हातमोजे खिशात कोंबले आणि जिन्यात जाऊन उकिडवा बसला. लादी उचलली, खालचं जुनं खरवडलं, नवं पसरलं, लादी टेकवली, अंगठा फिरवला. कितीतरी दिवसांनी त्याला धड श्वास घेता आला. हात धुताना मात्र नव्या कोवळ्या कातडीला आग लागली आणि दोन बोटं फुटून रक्त आलं.

संध्याकाळी बायको जिना चढून आली. दारात पर्स ठेवायच्या आधी म्हणाली, "हात दाखवा."

"काय झालं?"

"पायरी वाजली नाही. हात दाखवा."

त्याने दाखवले. ती खालीच बसली. "तुम्हाला आईंना भेटायचंय की पायरीला? मी तिथे दिवसभर म्हाताऱ्यांची विनवणी करते, गोळी घ्या, पाणी प्या. घरी येऊन तुमचीही करायची का? लहान आहात का तुम्ही?"

मिस्त्रीने हात मागे घेतले. मग म्हणाला, "ती तिकडे खाटेवर, मी इकडे खाटेवर. कुठेच काही सरकत नाही गं. मला काहीतरी सरळ करायचं होतं."

बायको उठली. मलमाची ट्यूब आणली, एकेक बोट हातात घेऊन लावत बसली. सगळी बोटं झाल्यावर म्हणाली, "मी एकटी होते ना इथे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि तशीच परत यायचे. घरात बसवायचं नाही." मग ट्यूबचं झाकण लावत, "उद्या माझ्याबरोबर चला. हातमोजे घालून करता येईल असं काम आहे."

काम होतं निवासातल्या एका आजोबांचं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, खुबा मोडलेला, आईसारखाच. उभं राहायचं म्हटलं की डोळे मिटून घ्यायचा. मिस्त्रीला त्याची भाषा येत नव्हती, त्याला मिस्त्रीची. व्यायाम शिकवणारी ताई दाखवायची आणि मिस्त्री बाजूने चालायचा. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. आजोबा एक पाऊल टाकून दमायचे, शिव्या द्यायचे. मिस्त्रीला शिव्या कळायच्या नाहीत, म्हणून तो मराठीत म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं. चला, अजून एक." त्याच्यासारख्या घाईच्या माणसाला एवढं हळू चालणं म्हणजे शिक्षाच. घरी आला की त्याचे पाय ठणकायचे, न चालल्यामुळे.

पण चार दिवसांत आजोबा खिडकीपर्यंत पोहोचले, आणि मिस्त्रीने तिथूनच भावाला व्हिडिओ कॉल लावला. "फोन आईकडे दे. तिला दिसू दे."

आईने स्क्रीनवर आजोबांना पाहिलं. "हे कोण?"

"तुझ्यासारखेच आहेत. तुझ्यानंतर ऑपरेशन झालं आणि तुझ्या आधी चालले."

"मला शिकवतोस? तुला चालायला मीच शिकवलं."

"मग विसरलीस कशी? वॉकर पुढे घे. आधी दुखरा पाय."

आईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात स्वतःच्याही आल्या. भावाने वॉकर पुढे केला. फोन हलला, छत दिसलं, दरवाजा दिसला, मग आईचे पाय दिसले, जमिनीवर टेकलेले, थरथरणारे. मिस्त्री ओरडला, "आता चांगला!" आणि इकडे आजोबांनीही आपला चांगला पाय टाकला. त्या दिवशी आई दोन पावलं चालली आणि रडली. मिस्त्री निवासाच्या व्हरांड्यात जाऊन बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला.

जिन्यातल्या उद्योगामुळे मुदत लांबली. अखेर पुन्हा कार्यालयात गेले तेव्हा खिडकीवर तीच बाई होती. उजवा हात, लाल. मिस्त्रीने हात शर्टाला पुसले. डावा हात, हिरवा. बाईने उजव्या हाताचं एकेक बोट वेगळं घेतलं. अंगठा काही उमटेना. वीस वर्षं प्रत्येक कडेवरून फिरलेला तो अंगठा कोरा तो कोराच राहिला. बाईने डॉक्टरचा दाखला वाचला, आत जाऊन कुणालातरी विचारून आली.

"अंगठ्याशिवाय चालेल म्हणते," बायको म्हणाली आणि तिथेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कार्ड पोस्टाने आलं. मुदत एकच वर्ष. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तीच काच आणि तोच लाल दिवा. तरी मिस्त्रीने त्याच दिवशी तिकीट काढलं. आई म्हणाली, "आता कशाला येतोस? मी चालते की." तो गेला. तिच्या बरोबरीने, तिच्या चालीने, अंगणाच्या टोकापर्यंत आणि परत, रोज. एवढं हळू चालताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ लपून फोटो काढायचा.

परत आल्यावर मुकादमाने शब्द पाळला, जागा दिली. पुढच्या वर्षी उजवा अंगठाही उमटावा म्हणून मिस्त्री आता उजव्या हातात हातमोजा घालतो, डावा उघडा ठेवतो आणि डाव्या अंगठ्याने कड बघायला शिकतो आहे. जमत नाही. मध्येच चिडून हातमोजा दातांनी ओढतो, एकदा कड चाचपून बघतो आणि इकडेतिकडे पाहत पुन्हा चढवतो, जणू बायको मागेच उभी आहे.